चार मिनिटांतले चाळीस सेकंद

शाळेतला टीव्ही मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्यावर प्लास्टिक होतं, प्लास्टिकवर टेबलाचा जुना कपडा होता आणि कपड्यावर वाळलेल्या झेंडूची माळ होती. गावानं वर्गणी करून आणलेला टीव्ही. नारळ फुटला, फोटो निघाला, फोटो वर पाठवला आणि त्या दिवसापासून तो झाकलेला. घरातल्या देवांना निदान रोज आंघोळ तरी मिळते. ह्याच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

"सर, हा सुरू काऊन नाही?" मी मुख्याध्यापकांना विचारलं.

"सुरू आहे ना. पंधरा ऑगस्टला लावला होता."

"आता जानेवारी आहे."

"मग सव्वीस तारखेला पुन्हा लावू," ते म्हणाले. थट्टा करत नव्हते.

माझी पहिलीच नोकरी. सालेकसा तालुक्यातलं गाव, कचारगडच्या डोंगरांच्या अलीकडं, जंगलाला अगदी लागून, वस्ती बहुतेक गोंडांची. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, दोन शिक्षक. एक मुख्याध्यापक, ज्यांना गाव मोठे गुरुजी म्हणते, आणि दुसरी मी. मी गोंदिया शहरात वाढलेली, घरात अर्धी हिंदी, अर्धी मराठी. कॉलेजात असताना पत्रकं लिहायचे. वसतिगृहाचं पाणी, बसच्या फेऱ्या, बंद पडणाऱ्या शाळा. पत्रकाचा नियम मला पाठ होता: एक पान, एक शत्रू, एक मागणी. बाकी सगळं काप.

शत्रू समोरच बसला होता, असं तेव्हा वाटलं. मी माळ काढली, कपडा काढला. प्लास्टिकला हात घातला तसे मोठे गुरुजी खुर्चीतून उठले.

"मॅडम, डेड स्टॉक आहे तो."

डेड स्टॉक म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही. खुर्ची, घंटा, वजनकाटा, नकाशे, सगळ्यांवर त्यांनी स्वतः ब्रशनं पांढरे नंबर घातलेले. टीव्हीच्या पाठीवर नंबर. कपाटात खोक्यासकट ठेवलेले दोन टॅब होते, त्यांच्याही पाठीवर नंबर.

"सर, स्टॉक डेड आहे. पोट्टे जिवंत आहेत."

पत्रकात शोभलं असतं हे वाक्य. त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. त्यांनी वही पुढं सरकवली. "सही करा मग."

सही केली. टीव्ही लावला.

आणि पहिला आठवडा पार वाया गेला. हे सांगायलाच पाहिजे, कारण डिजिटल शाळांचे फोटो टाकणारे हे कधी सांगत नाहीत. मी तयार व्हिडिओ लावले. त्यातल्या गोड आवाजाच्या ताई मुलांना लिफ्टमध्ये कसं वागावं आणि सिग्नलला रस्ता कसा ओलांडावा हे समजावत होत्या. आमच्याकडं सिग्नल नाही, लिफ्ट नाही. रस्ता आहे, पण तो ओलांडताना गाडीपेक्षा रानडुकराकडं लक्ष ठेवावं लागते. पोट्टे हात जोडून, मांडी घालून, तोंड उघडं टाकून बसायचे. मी प्रश्न विचारला तर माझ्याकडं असे पाहायचे की जणू नाटक सुरू असताना मी मध्येच उभी राहिले.

आठवडा संपला तेव्हा दुसरीतल्या एका पोरानं उभं राहून कविता म्हटली. अगदी पाठ. शेवटची ओळ झाली आणि त्याच दमात तो म्हणाला, "व्हिडिओ आवडला तर लाईक करा, शेअर करा." बाकीच्या वर्गानं एका सुरात पूर्ण केलं, "आणि घंटी दाबायला विसरू नका!"

बाजूच्या खोलीतून मोठे गुरुजी गरजले, "कोणी घंटीला हात लावायचा नाही! सुट्टीला वेळ आहे!"

मी हसले, मग मला राग आला. गुरुजींचा नाही. ज्यांनी शाळेला पडदा घ्यायला लावला आणि पोरांना प्रेक्षक केलं त्यांचा. वरून मागणी काय, तर फोटो टाका. पोट्टे काय शिकले हे कोणी विचारत नाही. टीव्ही पेटलेला दिसला पाहिजे आणि समोर डोकी दिसली पाहिजेत. पोट्टे म्हणजे टीव्हीच्या फोटोतली सजावट.

मी टीव्ही बंद केला आणि टॅब पोट्ट्यांच्या हातात दिले. तिथून गाडी सुटली.

वाचनाचंच सांगते. माझ्यासमोर वाचायला सांगितलं की तिसरी-चौथीतले निम्मे पोट्टे पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायचे. त्यांना म्हटलं, मला नका वाचून दाखवू. टॅब घ्या, हातपंपाच्या ओट्यावर जाऊन बसा, तिथं वाचा, आवाज भरा, ऐका आणि मग माझ्याकडं आणा. एकेक जण तीन-तीन वेळा भरायचा. स्वतःचा आवाज ऐकायचा, कपाळाला हात लावायचा आणि पुन्हा भरायचा. मी लाल पेन काढायच्या आत चूक दुरुस्त झालेली. गणिताला आम्ही कोन शोधायला बाहेर पडलो. छपरांचे, बैलगाडीच्या दांड्यांचे, वाकलेल्या बांबूचे फोटो आले. काटकोन एकच सापडला, शाळेच्या दाराचा, आणि पाचवीतल्या पोरीनं मोजून सिद्ध केलं की तोही काटकोन नाही. मोठे गुरुजी स्वतः कोनमापक घेऊन दाराशी गेले आणि गप्प परत आले.

मग मी पुढचं पाऊल टाकलं. टॅब पाळीपाळीनं घरी द्यायचे आणि प्रत्येकानं आपल्या घरचं एक काम चित्रित करून आणायचं.

"घरी?" मोठे गुरुजी म्हणाले. वहीतले टॅबचे नंबर त्यांनी बोटानं पुन्हा पाहिले. मग दोन अटी घातल्या. आई किंवा बापाची सही नाहीतर अंगठा. आणि पोट्ट्यांनी काढलेलं काहीही पुसायचं नाही. दर सोमवारी ते स्वतः सगळं पेनड्राइव्हमध्ये घेणार आणि वहीत नोंद करणार.

"पोट्ट्यांचे व्हिडिओ कोण मागणार आहे, सर?"

"तपासणीला मूळ मागतात, मॅडम. मागतील तेव्हा नसलं, की मग कळते."

मी मनातल्या मनात त्यांच्यावरही एक पांढरा नंबर घातला.

मार्च लागला. शाळा सकाळची झाली, सातची. आणि मोह पडायला लागला.

मोहाचं झाड पहाटे फुलं टाकते. ते शिक्षण खात्याचं वेळापत्रक पाहून टाकत नाही. उजाडता उजाडता वेचली नाहीत तर गुरं खातात, हरणं खातात, ऊन चढलं की फुलं मलूल होतात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेल्या एका फुलाला कोणी हात लावत नाही. त्यामुळं घरातले सगळे हात पहाटे झाडाखाली असतात, लहानमोठे सगळे. पोट्टे आठ वाजेपर्यंत शाळेत यायचे, बोटं चिकट, अंगाला गोड वास. पण हजेरी फोनमध्ये भरायची असते, आणि तिची वेळ तोवर सरलेली. माझ्यासमोर बसून भागाकार करणारं पोट्टं फोनमध्ये गैरहजर.

मी केंद्रप्रमुखांना विचारलं, मोहाच्या दिवसांत शाळा तासभर उशिरा लावता येईल का? ते म्हणाले, टायमिंग वरून आहे. वर म्हणजे कुठं, हे आजपर्यंत कोणी दाखवलेलं नाही. माझ्या डोक्यात पत्रक तयार व्हायला लागलं. शत्रू होता, मागणी होती. फक्त चित्र पाहिजे होतं.

ते चित्र सोमवारी आलं. चौथीतली एक पोरगी होती, वर्गात सगळ्यांत हुशार नव्हे, पण सगळ्यांत नेटकी. दप्तराला गाठ, वहीला कव्हर. शनिवारी टॅब तिच्या घरी गेला होता. तिनं चार मिनिटांचा व्हिडिओ आणला होता, घरच्या मोहाचा.

मी तो मधल्या सुट्टीत पाहिला. पहिली अडीच मिनिटं मला कंटाळवाणी वाटली. तिची आई झाडाखाली खराट्यानं झाडते, पालापाचोळ्याचा ढीग करते, धूर होतो, आई नुसती उभी राहते. मायलेकी गोंडीत बोलत होत्या. मला गोंडीचे चार शब्द येतात, तेही नमस्काराचे. मग दुसऱ्या दिवशीची पहाट. काळी जमीन, तिच्यावर पिवळी फुलं, आणि वाकलेली ती पोरगी, टोपली ओढत, वेचत. उजेड असा पडला होता की पाहत राहावं.

मिळालं, मी म्हटलं.

व्हिडिओ कापला. चार मिनिटांतले चाळीस सेकंद ठेवले. सुरुवातीला चार सेकंद धूर, कारण धूर चांगला दिसतो. मग काळी जमीन, वाकलेली पाठ. आवाज काढून टाकला, त्याजागी मोबाईलमधली दुःखी बासरी लावली. वर अक्षरं टाकली: "शाळेची घंटा वाजते तेव्हा ही मुलगी कुठे असते? जबाबदार कोण?" टॅबमध्ये जागा कमी होती, म्हणून मूळ व्हिडिओ पुसला. गुरुजींनी सकाळीच आपली प्रत घेतलेली होती, ते मी विसरूनही गेले. आणि हे चाळीस सेकंद तालुक्यातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले.

पोरीला विचारलं नाही. तिच्या आईला विचारायचं तर मनातही आलं नाही.

अंगठे आले. "भेदक, मॅडम." "डोळ्यांत पाणी आलं." संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ ग्रुपमधून ग्रुपमध्ये जात किराणा दुकानात पोचला होता. मी खूश होते. आयुष्यातलं सगळ्यांत जास्त वाचलं गेलेलं पत्रक, तेही कागदाशिवाय.

बुधवारी शाळेसमोर मोटरसायकल थांबली. वनरक्षक, ज्याला आमच्याकडं नाकेदार म्हणतात, हेल्मेट काखेत धरून आत आला. माणूस सभ्य होता.

"मॅडमजी, ये व्हिडिओ आपका है क्या?"

"माझाच आहे," मी मान ताठ करून म्हटलं.

"अच्छा बनाया है." त्यानं मोबाईल माझ्यासमोर धरला आणि पहिल्याच सेकंदाला थांबवला. "ये धुआँ. हा जंगलाच्या हद्दीतला मोह आहे. फुलं दिसावी म्हणून हे लोक खालचा पाचोळा जाळतात. त्याच्याखाली आग लावायला बंदी आहे. आमच्या साहेबाच्या मोबाईलवर आला हा. साहेब म्हणतात, केस करा."

मी तो धूर दहा वेळा पाहिला होता. त्याच्याखाली आग असते हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

"कोणाचं झाड आहे ते मी सांगणार नाही," मी म्हटलं.

"सांगायचं काय त्याच्यात?" तो म्हणाला. "धुरामागं बाईचा चेहरा दिसून राहिला ना."

गुरुवारी ती पोरगी शाळेत आली नाही. शुक्रवारीही नाही. वर्गात तिची जागा कोणी घेतली नाही. पोट्टे दोन्ही बाजूंना बसले, मध्ये तिची जागा तशीच रिकामी. ते जास्त बोचलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आई अंगणात मोह वाळत घालत होती.

"सेवा जोहार," मी म्हटलं.

"जोहार." तिनं पाण्याचा तांब्या दिला. बसायला खाट ओढली. मग पुन्हा फुलं पसरायला लागली. "पोट्टी शारेत येनार नाही."

"काऊन?"

"तुमीच लिहून राहिले ना, का पोट्टी शारेत नसते म्हनून. मंग नाही येत."

मी बोलायला लागले. की मी तुमच्याच बाजूनं आहे, की शाळेची वेळ बदलावी म्हणून मी भांडते आहे, की व्यवस्था चुकीची आहे. चांगलं बोलले. मला बोलता येते.

तिनं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "माह्या बाजूनं होत्या, तं मले इचारलं काऊन नाही?"

मी तांब्या खाली ठेवला.

दाराच्या आडून पोरगी म्हणाली, "मॅडम, तो तं इतवार होता."

"काय?"

"मोह वेचला तो दिवस. इतवार होता. शाळा नव्हतीच. आई बोलली ना त्याच्यात."

"आमी का बोललो ते ऐकलं का तुमी?" आईनं विचारलं.

"आवाज काढून टाकला मी."

"काऊन?"

"मला गोंडी येत नाही."

ती हसली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. "तुमाले येत नाही, म्हनून आमचं तोंड बंद केलं. अन् वरतून बासरी वाजवली. कोनी मेलं होतं का आमच्या घरी?"

मी खाली पाहिलं. पायाचा अंगठा जमीन उकरत होता, माझाच.

मग ती खरं ते बोलली. केस झाली तर तारखा लागतील, ते एक. पण त्याहून मोठं म्हणजे झाडाखाली जाऊ देतील की नाही. ते झाड तिच्या सासऱ्याच्या बापापासून त्या घराचं मानलेलं. मोह पडायचे अजून दहा-बारा दिवस बाकी होते, आणि बुधवारपासून ती झाडाकडं फिरकली नव्हती. दुसरंही कोणी गेलं नव्हतं. फुलं पडत होती आणि तिथंच सडत होती.

"मूळ व्हिडिओ पूर्ण आहे," मी म्हटलं. "तो नाकेदाराला दाखवला तर?"

"त्याच्यात आग हाये."

"आहे. तुम्ही म्हणाल तरच दाखवीन."

तिनं फुलांवरून हात फिरवला, एक काडी उचलून बाजूला टाकली. पोरीकडं पाहून गोंडीत काही विचारलं. पोरीनं उत्तर दिलं. मग आई म्हणाली, "दाखवा. पन पूर्न दाखवा. अन् मी तिथं राहीन."

मी तडक मोठ्या गुरुजींच्या घरी गेले. टॅबवरचं मूळ मीच पुसलं, हे सांगितलं. वाटलं होतं, आता हा माणूस अर्धा तास मला सोडत नाही. ते आत गेले, चष्मा लावून आले, पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. त्याच्यावरही पांढरा नंबर होता.

"सही करा," ते म्हणाले. बस, तेवढंच.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही जमलो. नाकेदार बाकावर, हेल्मेट मांडीवर. मोठे गुरुजी खुर्चीत. आई दाराजवळ, उभी. पोरगी टीव्हीशेजारी, कारण आईनं तिला तेवढ्यासाठी आणलं होतं. बोललेलं मराठीत तीच सांगणार होती. मी बाजूला, रिमोट घेऊन. पहिल्यांदाच त्या टीव्हीवर असं काही लागणार होतं, की जे पाहण्यासाठी माणसं श्वास धरून बसली होती.

व्हिडिओ सुरू झाला. खराटा. पाचोळ्याचा ढीग. काडी पेटली, ढिगानं पेट घेतला, मोठा जाळ झाला.

आणि लाईट गेली.

नाकेदार उठला. "हो गया. जे पाहायचं ते दिसलं."

"अजून सव्वातीन मिनिटं आहेत," मी म्हटलं.

"मॅडमजी, आग दिसली ना? मले पुढच्या गावी जायचं आहे."

आईनं माझ्याकडं पाहिलं. पुन्हा चाळीस सेकंद. पुन्हा तेवढंच पाहून कोणी तरी निकाल लावणार. मी बंद टीव्हीवर रिमोट रोखून पुन्हा दाबला.

"साहेब," मोठे गुरुजी म्हणाले, "शाळेच्या भेट-पुस्तकात शेरा लिहिल्याशिवाय कसे जाल? बसा." आणि ते भेट-पुस्तक शोधायला लागले. पहिलं कपाट. दुसरं कपाट. किल्ली लागेना. मग आठवलं की चष्मा नाही. चष्मा नाकावरच होता. पुस्तक सापडलं तर पेन चालेना. शाळेतली प्रत्येक वस्तू अंधारातही काढून देणारा हा माणूस वीस मिनिटं एक वही शोधत राहिला. नाकेदार दोन पेले पाणी प्यायला. त्याला कळत होतं, असं मला वाटते. पण वयानं मोठ्या माणसापुढं तो बसून राहिला.

लाईट आली. गुरुजींना त्याच क्षणी पेन सापडलं.

पोरीनं सुरुवातीपासून लावायला सांगितलं, आणि ह्या वेळी ती बोलायला लागली. पडद्यावर आई बोलली की ही हात वर करायची, मी थांबवायचे, ती मराठीत सांगायची. वर्गात मी फळ्याजवळ जशी उभी राहते तशीच उभी होती, पण माझ्यापेक्षा सरळ.

"आई म्हणते, आधी गोल झाडून घे. माती दिसली पाहिजे. मातीवरून आग जात नाही."

"आई म्हणते, वाऱ्याकडं पाठ कर."

पडद्यावर आई हिरवी फांदी घेऊन उभी होती. मला कंटाळवाणं वाटलेलं ते उभं राहणं. ती आगीवरून नजर हटवत नव्हती. एक ठिणगी रिंगणाबाहेर उडाली, तिनं दोन पावलांत गाठून फांदीनं दाबली. जाळ बसला. तिनं डब्यातलं पाणी शिंपडलं, आणि मग खाली बसून उघडा तळहात राखेवर ठेवला.

"आई म्हणते, हात ठेवून पाहायचं. गरम असली तर सोडून जायचं नाही. मी विचारलं, किती वेळ? आई म्हणते, थंड होईपर्यंत."

मग दुसरी पहाट. पोरगी वाकलेली. माझे ते चाळीस सेकंद. आता त्यांना आवाज होता. आधी आईचा, अगदी जवळून, कारण टॅब आईनं धरला होता. हेही मला तेव्हा कळलं नव्हतं. दोघी हसत होत्या.

"आई म्हणते, दे मले टॅब, तू वेच. आज इतवार आहे, सावकाश वेच. उद्या शाळा आहे, उद्या तू येऊ नको. मी म्हटलं, मग उद्या मोह?" पोरगी थांबली. "आई म्हणते, मी वेचीन ना. तू जा."

व्हिडिओ संपला.

नाकेदारानं हेल्मेट मांडीवरून खाली ठेवलं. "बाई, आग लावायची नाही. दरवर्षी सांगतो मी."

"अन् खाली अंथराले जाळी देतो म्हनून बी दरवर्षी सांगता," आई म्हणाली. "कुठं हाये जाळी?"

मोठे गुरुजी खोकले. नाकेदार हसू दाबत म्हणाला, "ह्या साली अर्ज लिहून द्या. मी स्वतः नेतो." मग माझ्याकडं वळला. "साहेबाले मी हे दाखवतो. लावलेली आग सोडून देणं वेगळं, विझवून जाणं वेगळं. लेखी समज देऊन भागते का पाहतो. पण मूळ पाहिजे. कापलेलं नको."

"मूळ आहे," मोठे गुरुजी म्हणाले आणि वही पुढं सरकवली. "सही करा."

केस झाली नाही. समज मिळाली, लेखी. रविवारी पहाटे ती बाई झाडाखाली होती. मी पूर्ण चार मिनिटं त्याच ग्रुपवर टाकली, ह्या वेळी तिला विचारून, पोरीनं सांगितलेलं मराठी खाली लिहून. वर लिहिलं की आधीचा व्हिडिओ मी कापला होता, त्यातलं माझं वाक्य खोटं होतं, तो दिवस रविवार होता. अंगठे तीन आले. रडणारे सगळे गप्प. चाळीस सेकंदांवर ज्यांच्या डोळ्यांत पाणी येते त्यांना चार मिनिटं बसवत नाही, हे त्या दिवशी कळलं, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. पण त्या रांगेत सगळ्यांत पुढं मीच उभी होते, हेही लिहून ठेवते.

टॅब घरी देणं मी थांबवलं नाही. का थांबवू? चूक टॅबची नव्हती, पोरीची तर मुळीच नव्हती. तिनं चार मिनिटांत सगळं खरं दाखवलं होतं. आता आमच्या शाळेचा नियम आहे: ज्यानं काढलं तोच कापेल, आणि त्यात जो दिसतो त्याला आधी दाखवेल. मोठ्या गुरुजींनी तो वहीत लिहिला. टीव्हीवर आता पोट्ट्यांचे व्हिडिओ लागतात, आणि समोरचे पोट्टे गप्प बसत नाहीत. भांडतात, चुका काढतात, पुन्हा लाव म्हणतात. गोंडीतला असला तर वर्गात ज्याला येते तो उभा राहून सांगतो. मी मागच्या ओळीत बसते. चार शब्दांचे आता चाळीसेक झाले असतील.

पोरगी? ती त्या शनिवारनंतरच्या सोमवारी आली, पण आईला घेऊन.

मी शाळा समितीपुढं ठेवायचा अर्ज लिहून ठेवला होता, मोहाच्या दिवसांत शाळा तासभर उशिरा भरवावी म्हणून. मागणी मी सोडलेली नव्हती. ती तेव्हाही बरोबर होती, आजही आहे. म्हटलं, वाचून दाखवते, मग पाठवू. पोरीनं टॅब उचलला आणि माझ्यावर रोखला.

मी वाचायला लागले. दुसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, "पोटासाठी लेकरांना राबवणाऱ्या ह्या असहाय माता..."

"थांबा," आई म्हणाली. "हे कोन?"

"तुम्ही. म्हणजे, तुम्ही सगळ्या."

"हे काटा."

मी पेन काढलं आणि ती ओळ खोडली. पोरगी टॅब धरून जवळ आली, ओळ नीट काटली की नाही ते पडद्यात पाहायला.

"बाकीचं ठेवा," आई म्हणाली. "बाकीचं बराबर हाये. वाचा पुढं."